कुंकवाखालचा नंबर

माझी नात मयुरी दोन हजार आठ साली तान्ह्या पोळ्याच्या दिवशी जन्मली. गल्लीतली पोरं लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ नि सुटे पैसे, मागायला दारात उभी होती आणि तेवढ्यात दवाखान्यातून माझ्या मुलाचा, धर्मेंद्रचा, फोन आला. माझ्या बायकोने, सुमित्राने, हातातला सगळा खाऊ एकाच पोराच्या झोळीत ओतला आणि ती रिक्षा शोधायला धावली. मयुरीला पाचवा महिना लागला तेव्हा आमच्या दुकानात लेझर मशीन आली. म्हणजे दोन हजार नऊचा जानेवारी.

आमचं घर नाचणगावात आणि धर्मेंद्रचं भांड्यांचं दुकान पुलगावच्या बाजारात. दुकानाच्या पायरीवर बसून मी भांड्यांवर नावं टाकत असे. छिन्नी, हातोडी आणि खाली गोणपाटाची घडी, एवढंच माझं सामान. हे काम मी विसाव्या वर्षापासून केलं आणि त्यातली पहिली सत्तावीस वर्षं मला एकही अक्षर वाचता येत नव्हतं. गिऱ्हाईक चिठ्ठीवर नाव लिहून आणायचं, मी ते चित्र म्हणून भांड्यावर उतरवायचो. एकदा चिठ्ठी उलटी धरली गेली आणि रूपरावच्या पोरीच्या आंदणातल्या अकरा गंजांवर, म्हणजे पातेल्यांवर, नाव उलटं पडलं. रूपराव भला माणूस. म्हणाला, "जाऊ द्या डोमाजी, गंज धुऊन पालथा घातला का बरोब्बर वाचता येते."

ब्याण्णव साली गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. शिकवणारी प्रमिला तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि मी सत्तेचाळीसचा. तिने फळ्यावर 'कमल' लिहिलं. मी म्हणालो, हे तर मी शंभर भांड्यांवर ठोकलं आहे, पण ही कमल आहे हे आज कळलं. त्यानंतर मी दिसेल ते वाचत सुटलो. अजूनही सावकाशच वाचतो, पण सोडत काहीच नाही.

आता मशीनचं. प्रवासाच्या मोठ्या पेटीएवढी, निळी, वर काचेचं झाकण. आत एक छोटं डोकं दांडीवर इकडून तिकडे सरकतं आणि त्यातून निघणाऱ्या किरणाने लाकडावर अक्षरं जाळली जातात. हुकूम कॉम्प्युटरचा. कॉम्प्युटरवर नाव लिहायचं, बटण दाबायचं. पितळ आणि स्टील मात्र तिला जमत नव्हतं. हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

मशीन हवी होती माझ्या सुनेला, रक्षाला. लग्नाआधी तिने कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. लग्नानंतर चार वर्षांत त्या कोर्सचं सर्टिफिकेट फक्त एकदा कपाटातून निघालं, तेही वाळवी लागली की काय ते पाहायला. नागपूरचा प्रेमदास अशा मशिनी विकायचा. त्याने एक महिना वापरून पाहायला दिली. पाच फेब्रुवारीला तो गाडी घेऊन येणार होता. ठेवायची तर ठेवा, नाहीतर परत.

त्याच सुमारास प्रमिलाबाईने, म्हणजे माझ्या मास्तरीणबाईनेच, काम आणलं. तिच्या बचत गटात अठ्ठेचाळीस बाया. गटाने ठरवलं होतं की प्रत्येकीच्या दारावर लाकडी पाटी लागेल आणि पाटीवर आधी बाईचं नाव असेल, मग नवऱ्याचं. पाट्या वाटायच्या होत्या गटाच्या हळदीकुंकवाला, रथसप्तमीच्या आदल्या दिवशी, एक फेब्रुवारीच्या रविवारी.

धर्मेंद्रने रक्षाला माझ्यासमोरच सांगितलं, "पाट्या टायमावर झाल्या तर मशीन राह्यली. नाई झाल्या तर प्रेमदास घेऊन जाईन. तो कोपरा मले कुकरसाठी लागते."

"आणि मी?" रक्षाने विचारलं.

"तू घरी. मयुरी लहान आहे."

रक्षाने मयुरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि अठ्ठेचाळीस नावांची यादी फळकुटावर टाचून टाकली.

प्रेमदासने मशीन जोडून दिली, कॉम्प्युटरमध्ये सीडी टाकून तिचं सॉफ्टवेअर भरलं, एक नाव जाळून दाखवलं आणि तो गेला. सुमित्रा म्हणाली, पूजा झाल्याशिवाय हात लावायचा नाही. आमच्या धंद्यात नवं हत्यार आलं की त्याला हळदकुंकू लागतं, आणि ते जिथून काम होतं तिथेच लावायचं. छिन्नीला धारेवर, हातोडीला तोंडावर. मी धर्मेंद्रला विचारलं, "हिचं काम कुठून होते?"

तो गिऱ्हाइकाला वाट्या मोजून देत होता. "सारं डोकं मांगच्या झाकणात आहे, बाबा. हिरवा बोर्ड आहे ना, तेच."

मी प्लग काढला, मागचं झाकण उघडलं. हिरव्या बोर्डावर बारीक तारांचं गचपण होतं, टिळ्याला जागा दिसेना. एका कोपऱ्यात मात्र पांढरा कागद चिकटवलेला होता. त्यावर पेनाने काही लिहिलेलं होतं, पण ते इंग्रजी, माझ्या वाचनाच्या बाहेरचं, म्हणून माझ्या लेखी कोरंच. मी तिथे ओलं कुंकू लावलं, वर हळद, आणि चार अक्षता. झाकण लावून टाकलं.

पंधरा दिवस मशीन छान चालली. रक्षाने पाटीचा नमुना ठरवला, प्रमिलाबाईकडून पास करून घेतला. सागाच्या फळ्या कापून आल्या. आता फक्त जाळायचं बाकी, आणि नेमका कॉम्प्युटर मंद पडला. माउस हलवला की बाण चहा पिऊन आल्यासारखा सावकाश यायचा. धर्मेंद्रने सायबर कॅफेवाल्या रोशनला बोलावलं. रोशनकडे सगळ्या रोगांवर एकच औषध होतं.

"व्हायरस आहे, भाऊ. फॉरमॅट मारून देतो."

त्याने फॉरमॅट मारला. कॉम्प्युटर नव्यासारखा पळायला लागला. सीडीतून मशीनचं सॉफ्टवेअर पुन्हा भरलं, पाटी ठेवली, बटण दाबलं. मशीनचं डोकं सुसाट उजवीकडे गेलं आणि भिंतीवर आपटत राहिलं, खट् खट् खट्. झाकण उघडून पाहतो तो पाटीवर फक्त एक लांबलचक काळी रेघ. 'सुलोचना'चा स एवढा पसरला होता की उरलेली सुलोचना पाटीबाहेर गेली होती.

रोशन म्हणाला, "मशीनच खराब दिसते."

"सकाळी चालून राह्यली होती ना," रक्षा म्हणाली. "तू आला अन् खराब झाली?"

रोशनने आपली पिशवी आवरली.

तेव्हापासून रक्षाने एक वही सुरू केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते लिहायचं. वायर दुसऱ्या खाचेत लावली: तसंच. सॉफ्टवेअर काढून पुन्हा भरलं: तसंच. वेग कमी केला: डोकं हळू आपटतं. माप इंचाऐवजी मिलिमीटर केलं: अक्षर बदललं, आपटणं तसंच. मी ती वही रोज वाचायचो. मला तिची पद्धत आवडली. छिन्नी घसरायला लागली की मीही आधी धार बघतो, मग बैठक, मग हात. तिन्ही एकदम बदलले तर चूक कुणाची ते कळत नाही.

सुमित्राची पद्धत वेगळी होती. तिने लाल मिरच्या आणि मीठ मशीनवरून ओवाळून दुकानाच्या मागे जाळलं. धूर उलटा आत आला. दोन गिऱ्हाइकं खोकत बाहेर पळाली, त्यातल्या एकाच्या हातात आमचा न विकलेला तवा होता.

"पाहा, नजर किती जबरी होती," सुमित्रा डोळे पुसत म्हणाली.

"नजर गेली का नाई ते माहीत नाई," धर्मेंद्र म्हणाला, "तवा गेला."

तवा संध्याकाळी परत आला. मशीन मात्र तशीच. सोमवारी, सव्वीस तारखेला, सूर्यग्रहण लागलं. सुमित्राने रक्षाला त्या दिवशी घरातून हलूच दिलं नाही. म्हणजे एक दिवस आणखी गेला. मंगळवारी प्रमिलाबाई दुकानात आली, तिने एकही पाटी झालेली नसल्याचं पाहिलं आणि स्टुलावर बसली.

"काकाजी, तुम्हाले मी सहा महिन्यांत वाचायले शिकवलं. या मशीनले किती दिवस लागन?"

"मास्तरीणबाई, मी मार खायच्या भीतीनं शिकलो," मी म्हणालो. "इले तुमची भीती नाई."

ती हसली, पण जाताना रक्षाला हळूच म्हणाली की गटातल्या काही बाया वर्ध्याहून छापून आणू म्हणतात, बुधवारपर्यंत सांग. रक्षाने मान हलवली. मग तिने वही उघडली, पण लिहायला काही उरलं नव्हतं.

प्रेमदास चार दिवस गावाला गेलेला, त्याचा मोबाइल लागत नव्हता. त्या दुपारी लागला. रक्षाने फोन काउंटरवर ठेवून मोठ्या आवाजावर टाकला आणि वहीतलं सगळं ओळीने वाचून दाखवलं. शेवटी प्रेमदास म्हणाला, "बेटी, फॉरमॅट मारल्यावर मशीनचा नंबर टाकला का?"

"कोणता नंबर?"

"हरेक बोर्डाचा आपला नंबर राह्यते. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये तो टाका लागते. मी टाकला होता, फॉरमॅटमध्ये उडाला. आता त्या सॉफ्टवेअरले माहीतच नाई का समोर कोन आहे. अंदाजानं हाकून राह्यलं."

"मंग सांगा नंबर."

"माह्याजवळ काऊन राहीन? वीस मशिनी आल्या होत्या. कंपनीची चिठ्ठी सुटी होती, ती थर्माकोलसंगं गेली. पण मी पेनानं लिहून ठेवला ना. मांगचं झाकण खोल, बोर्डावर पांढरा कागद आहे."

मी पायरीवर पाण्याच्या एका पितळी गुंडावर 'शकुंतला' ठोकत होतो. 'ला'च्या कान्यावर माझी हातोडी थांबली.

धर्मेंद्रने झाकण उघडलं. आत माझं कुंकू वाळून कडक झालं होतं, रुपयाएवढा टिळा, वर अक्षता चिकटलेल्या.

"हे कोणं केलं?" धर्मेंद्रने विचारलं.

सुमित्रा डबा घेऊन आलेली. ती चटकन म्हणाली, "पूजा मीच सांगितली होती."

"सांगितली तू. बोट माहं होतं," मी म्हणालो.

धर्मेंद्रने नखाने खरवडलं, निघेना. मग कुणी काही म्हणायच्या आत त्याने थिनरचा बोळा फिरवला. त्याने कुंकू गेलं, हळद गेली आणि प्रेमदासच्या पेनाची शाईही गेली. कागद पांढरा स्वच्छ.

फोन अजून चालू होता. "भेटला का नंबर?" प्रेमदास विचारत होता.

रक्षाने फोन उचलून सांगितलं की थोड्या वेळाने बोलते. तिने मयुरीला घेतलं आणि ती दुकानाच्या मागच्या दारात पाठ करून उभी राहिली. रडत नव्हती. यादीचं फळकूट तिने भिंतीवरून उतरवलं होतं आणि ते कुठे ठेवावं हे तिला कळत नव्हतं. ते पाहून मला बसवेना. सत्तावीस वर्षं मी न वाचता लोकांची नावं टाकली आणि रूपरावचे गंज सोडले तर ती बरोबर आली. वाचायला शिकल्यावर मात्र मला वाटू लागलं होतं की जे मला वाचता येत नाही ते कोरंच.

मी मशीनजवळ गेलो. "धर्मेंद्र, टॉर्च दे."

"आता काय पाहता, बाबा? काहीच नाई तिथं."

"दे तर खरी."

जुन्या भांड्यावरचं नाव घासून घासून मिटतं. दोन भाऊ वेगळे झाले की असं भांडं घेऊन माझ्याकडे यायचे, याच्यावर नाव कोणाचं ते सांगा म्हणून. समोरून पाहिलं तर काही दिसत नाही. उजेड आडवा पाडायचा, अगदी भांड्याला टेकून. मग खोलगट जागा सावली धरते. प्रेमदासचा हात जड होता. बॉलपेन त्याने कागदात चांगला रुतवला होता. मी टॉर्च बोर्डाला टेकवून आडवी धरली आणि कागदावर बारीक चऱ्या दिसायला लागल्या.

"रक्षा, कागद-पेन्सिल आण. मी काढतो, तू वाचजो."

तिने फळकूट ठेवलं आणि मयुरीला सुमित्राकडे दिलं. मी एकेक आकृती पाहायचो, नखाचं टोक चरीतून अलगद फिरवायचो आणि कागदावर मोठी करून काढायचो. कोणतं अक्षर, कोणता आकडा, मला माहीत नव्हतं, आणि त्या कामाला ते माहीत असण्याची गरजही नव्हती. हात जुन्या सवयीने चालत होता. दहा आकृत्या निघाल्या.

रक्षाने नऊ वाचल्या. सातवीपाशी अडली. "मामाजी, हा आठ आहे का इंग्रजी बी?"

"कसा राह्यते तुमचा आठ?"

तिने काढून दाखवला, एका दमात, वळणावळणाने. मी पुन्हा टॉर्च धरली. आकृतीच्या डाव्या अंगाला उभी सरळ चर होती, आणि तिच्या वरच्या टोकाला दोन टोचे. म्हणजे पेन तिथे दोनदा टेकला होता. आधी उभी रेघ ओढली, पेन उचलला, मग पोटं काढली.

"हे एका दमातलं नाई," मी म्हणालो. "दोन दमातलं आहे."

"मंग बी," रक्षा म्हणाली.

ती कॉम्प्युटरवर बसली, सेटिंग उघडली, सहा आकृत्या टाकल्या, आणि लाइन गेली. मंगळवारचं लोडशेडिंग. पंखा थांबला, पडदा काळा झाला. आम्ही चौघं त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिलो.

"साडेतीनले येते," धर्मेंद्र म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. तो बाजूला सरकून रक्षाला म्हणाला, "जेवून घे तोवर."

सुमित्राने डबा उघडला. भाकर, वांग्याची भाजी, तिळाची चटणी. भांड्यांच्या दुकानात बसूनही आम्ही सगळे एकाच ताटात जेवलो, कारण विकायची भांडी सुमित्रा खरकटी करू देत नसे. दहा आकृत्यांचा कागद रक्षाने पदराला टाचला होता आणि मयुरी तो तोंडात घालायला बघत होती. तिच्यापासून तो वाचवता वाचवता पाऊण तास कसा गेला कळलं नाही.

लाइन आली. रक्षाने दहाही आकृत्या टाकल्या, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडलं. पाटी ठेवली. बटण दाबताना तिने कुणाकडे पाहिलं नाही.

डोकं डावीकडच्या कोपऱ्यात गेलं, तिथे क्षणभर थांबलं आणि जिथे सुरू व्हायला हवं तिथून सुरू झालं. आवाज बदलला. खटखट नाही, शिलाई मशीनसारखी एकसारखी घरघर. जळलेल्या सागाचा वास आला. बारा मिनिटांनी झाकण उघडलं तर पाटीवर सुलोचना पूर्ण होती, खाली तिच्या नवऱ्यासकट, चारी बाजूंनी सारखी जागा सोडून.

मी ती पाटी हातात घेऊन वाचली. मग अंगठ्याने वाचली. काठ स्वच्छ होते. चाळीस वर्षांत माझा एकही 'ल' इतका गोल आला नव्हता, हे मी रक्षाला सांगितलं.

"मामाजी, तुमच्याशिवाय हा 'ल' आला नसता."

"माह्याशिवाय तो मंगळवारपर्यंत थांबलाही नसता," मी म्हणालो, आणि पहिल्यांदा ती मोठ्याने हसली. धर्मेंद्रही हसला. सुमित्रा म्हणाली, आता हसणं पुरे, अजून सत्तेचाळीस आहेत.

रक्षाने प्रमिलाबाईला निरोप धाडला: वर्ध्याला जायचं नाही. पुढचे चार दिवस दुकान म्हणजे लग्नघर झालं. लाइन असेल तेवढे तास मशीन चालायची, लाइन गेली की फळ्यांना पॉलिश. प्रत्येक नाव जाळण्याआधी मी पडद्यावर वाचायचो आणि यादीशी ताडायचो, माझ्या चालीने, एकेक काना-मात्रा बोट ठेवून. धर्मेंद्र सुरुवातीला म्हणाला की बाबा फार वेळ लावतात. तिसऱ्या दिवशी मी 'पंचफुला'च्या नवऱ्याच्या जागी शेजारणीचा नवरा पकडला. पाटी तशीच गेली असती तर गल्लीत काय झालं असतं, याचा विचार करून धर्मेंद्र त्यानंतर काही म्हणाला नाही. उलट गिऱ्हाइकांना बोलावून मशीन दाखवायला लागला, जणू ती त्यानेच आणली होती. एका माणसाला तर तो म्हणाला, "आमची मिसेस चालवते," आणि हे म्हणताना छाती पुढे केली. रक्षाने ऐकलं. तिने फक्त पुढची फळी ठेवली.

शनिवारी दुपारी अठ्ठेचाळिसावी पाटी निघाली.

रविवारी शाळेच्या पटांगणात हळदीकुंकू झालं. प्रमिलाबाई एकेकीचं नाव पुकारायची आणि बाई पुढे येऊन पाटी घ्यायची. कुणी छातीशी धरली, कुणी डोक्यावर. रामबाई नावाची म्हातारी पाटी घेऊन सरळ माझ्याकडे आली. "डोमाजी, यात माहं नाव कोणतं?" मी तिचं बोट धरून वरच्या ओळीवर ठेवलं. तिने ते कुंकवाने माखलेलं बोट अक्षरांवरून फिरवलं आणि खालच्या ओळीकडे पाहून विचारलं, "मंग हा खाली कोन लोळून राह्यला?" तो तिचा नवरा होता. सगळं पटांगण हसलं, त्यात तिचा नवराही होता.

पाच फेब्रुवारीला प्रेमदास गाडी घेऊन आला. दारातच धर्मेंद्रने त्याला सांगितलं की गाडी रिकामीच न्या. प्रेमदासने चहा घेतला आणि बोर्डावर नंबर पुन्हा लिहायला पेन काढला. मी त्याला थांबवलं. पितळेची एक पट्टी मी आधीच कापून ठेवली होती. तिच्यावर त्या दहा आकृत्या छिन्नीने खोल ठोकल्या होत्या. रक्षाने ती पट्टी दोन स्क्रूंनी मशीनच्या बाहेरच्या अंगाला बसवली. दर दसऱ्याला कुंकू तिथेच लागायचं.

कुकर माडीवर गेले. रक्षाचा कोपरा तिचाच राहिला. पुढच्या वर्षी देवळीहून आणि हिंगणघाटहून तिला काम यायला लागलं, आणि दर वेळी सॉफ्टवेअर रुसलं की ती आधी वही उघडायची, मग मला हाक मारायची.

पूजेची आठवण करून देणारी सुमित्रा शनिवारी, एकोणीस फेब्रुवारी दोन हजार अकरा रोजी सकाळी नाचणगावच्या घरी वारली. त्या वर्षीच्या दसऱ्याला पट्टीवर कुंकू लावायची आठवण मला रक्षाने केली.